दोन कानांच्या मधला ठेका

माझ्या जुन्या संगणकात ‘झोप’ नावाची एक फाइल अजून जपून ठेवलेली आहे. तिच्यात गाणे नाही, बोलणेही नाही. चार ओळी मजकूर आहे आणि तोही बहुतेक आकड्यांचाच. मुख्य ओळीत आधी ‘पिंक’ हा शब्द येतो, मग दोनशे, पुढे अधिकचे चिन्ह, मग दहा, एक तिरकी रेघ आणि शेवटी वीस. २००५ साली मी ती लिहिली तेव्हा एका दैनिकात रात्रपाळीचा उपसंपादक होतो. शेवटचे पान सोडून घरी यायला अडीच-तीन वाजत. डोक्यात मथळे फिरत राहत आणि डोळा लागेपर्यंत दूधवाल्याची सायकल वाजे. कचेरीच्या संगणक विभागातल्या एका मुलाने ‘सर, हे ऐकून बघा’ म्हणून एक सीडी दिली. तिच्यावर ‘एसबाजेन’ नावाचा छोटासा प्रोग्रॅम होता.

त्या ओळीचा अर्थ असा. दोनशे हर्ट्झच्या आसपास दोन सूर तयार कर. डाव्या कानात २०५ चा आणि उजव्या कानात १९५ चा. दोघांतला फरक दहाचा ठेव आणि आवाजाचा जोर वीस टक्के. मागे ‘पिंक’, म्हणजे पत्र्यावर नव्हे, झाडांवर पडणाऱ्या पावसासारखी एक सरसर. हेडफोन लावले की पावसामागून एक ‘हूं’ ऐकू येई आणि तो ‘हूं’ थरथरत असे, सेकंदाला दहा वेळा. दहा हा आकडा मेंदूच्या अल्फा लहरींचा. मेंदू त्या थरथरीचा ठेका धरतो, मग मन शांत होते, अशी कल्पना होती. मी ती कल्पना तपासली नाही. मला झोप लागत होती, तेवढे पुरे होते.

बारा वर्षे मी त्या फाइलवर झोपलो. २०१७ च्या जानेवारीत एका सकाळी उठलो तेव्हा उजवा कान गेला होता. दुखणे नव्हते, ताप नव्हता. रात्री होता तो कान सकाळी नव्हता, एवढेच. डॉक्टरांनी स्टेरॉइड दिले, तपासण्यांचे कागद जमले, कान परत आला नाही. दहा-बारा दिवसांनी सवयीने हेडफोन लावले आणि ‘झोप’ सुरू केली. डाव्या कानात पाऊस आला, सूरही आला. पण सूर सरळ होता, तारेसारखा ताठ. थरथर नाहीशी झाली होती.

फाइल तीच, यंत्र तेच, डावा कान पूर्वीइतकाच चांगला. आवाजाचा निम्मा भाग गेला असता तर मला नवल वाटले नसते. पण ठेका सगळाच गेला. तेव्हा मला प्रथमच कळले की तो ठेका फाइलमध्ये कधी नव्हताच. डावी बाजू वेगळी काढून पाहा, एक सपाट सूर. उजवी पाहा, दुसरा सपाट सूर. सेकंदाला दहा असे त्यांच्यात काहीही नाही. मग बारा वर्षे मी ऐकत होतो ते होते कुठे? हा लेख त्या प्रश्नाच्या मागे लागून केलेल्या वाचनातून आला आहे.

सुरुवात मला घरातूनच करावी लागेल, कारण अशी थरथर मी पहिल्यांदा ऐकली ती मिरजेच्या तंबोऱ्यात. अण्णा, म्हणजे वडील, मैफलीचे गायक नव्हते, पण शिकलेले होते. तंबोऱ्याच्या मधल्या दोन तारा, म्हणजे जोड, एकाच षड्जात लावायच्या असतात. त्या किंचित चुकल्या असल्या की दोन्ही मिळून जो नाद येतो तो डोलतो, फुगतो आणि ओसरतो. तारा जवळ येतील तसे डोलणे संथ होते. अण्णा खुंटी सोडून खालच्या मण्याला बोट लावत आणि मला विचारत, ‘अजून डोलतंय का रे?’ मी ‘थांबलं’ म्हटले की जोड लागली. भौतिकशास्त्राच्या पुस्तकात याला विस्पंद म्हणतात हे नंतर शाळेत कळले. एक तार सेकंदाला २०० वेळा आणि दुसरी २०३ वेळा कंप पावत असेल, तर दोघींच्या लहरी सेकंदातून तीनदा एकमेकींना बळ देतात आणि तीनदा एकमेकींना मारतात. तो तीनचा हिशोब हवेतच होतो. एका कानाने ऐका, मायक्रोफोनने टिपा, तो असतोच.

या डोलण्याचे मोजमापात रूपांतर करणारा माणूस रेशमाचा व्यापारी होता, याची मला गंमत वाटते. जर्मनीतल्या क्रेफेल्डच्या योहान हाइनरिश शायब्लर याने पन्नासहून अधिक नादकाट्यांचा एक संच केला. शेजारच्या दोन काट्यांमध्ये सेकंदाला चार विस्पंद पडतील असा. कोणताही सूर या संचाशी लावून विस्पंद मोजायचे, की सुराची वारंवारता मिळाली. १८३४ साली त्याने श्टुटगार्टच्या शास्त्रज्ञांपुढे ४४० हा आकडा ठेवला. आज जगभरचे वाद्यवृंद ज्याला धरून वाद्ये जुळवतात तो बहुतेक ठिकाणी हाच.

पण हवेत सूर मिसळूच दिले नाहीत तर? एक सूर फक्त या कानात, दुसरा फक्त त्या कानात? हा प्रश्न विचारणारा बर्लिनचा हाइनरिश विल्हेल्म डोव्ह मूळचा हवामानशास्त्राचा माणूस. वादळे कशी फिरतात यावरचे त्याचे काम तेव्हा अधिक प्रसिद्ध होते. त्याने १८४१ साली छापून सांगितले की असे केले तरी विस्पंद ऐकू येतात. हाच डोव्ह पुढे दोन डोळ्यांना दोन वेगळी चित्रे दाखवून धातूची चकाकी डोक्यात कशी तयार होते तेही पाहत होता. दोन दारांनी आत आलेल्या दोन गोष्टींतून तिसरीच गोष्ट घडते, याचे त्याला वेड असावे.

त्याच्यावर घेतलेला आक्षेप साधा आणि चिवट होता: कवटी हे हाड आहे, हाडातून आवाज पलीकडच्या कानाला पोचतो, म्हणजे हे नेहमीचेच विस्पंद. या आक्षेपाला हात घालणाऱ्यांत इंग्लंडचा सिल्व्हेनस थॉम्पसन होता. ‘कॅल्क्युलस मेड ईझी’ हे पुस्तक ज्यांनी महाविद्यालयात उसने घेऊन वाचले त्यांना हे नाव ओळखीचे वाटेल, तोच हा. १८७७ च्या निबंधात त्याने नादकाटे दूर ठेवून रबरी नळ्यांनी त्यांचा क्षीण आवाज एकेका कानापर्यंत आणला. विस्पंद राहिले. पुढे असेही दिसले की एका कानातला सूर ऐकू येण्याच्या मर्यादेखाली नेला तरी ते राहतात. इतका दुबळा आवाज हाडातून पलीकडे जाऊन काही करील हे संभवत नाही. म्हणजे मिसळण्याची जागा हवा नाही, हाड नाही. ती आणखी आत आहे.

ती जागा सापडली तेव्हा कळले की ही थरथर दुसऱ्याच एका कामाचा उपउत्पाद आहे. कुत्रे कुठल्या बाजूने भुंकले हे आपल्याला अंधारातही कळते. उजवीकडून आलेला आवाज डाव्या कानाला किंचित उशिरा पोचतो. हा उशीर जास्तीत जास्त सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या दोन-तृतीयांश इतका. जाड सुरांची दिशा आपण या उशिरावरून ओळखतो, हे लॉर्ड रॅले याने १९०७ साली मांडले. मेंदूच्या देठात ऑलिव्हच्या फळावरून नाव पडलेल्या दोन गाठी आहेत. दोन्ही कानांचे निरोप पहिल्यांदा एकत्र येतात ते तिथे, आणि तिथल्या पेशी दोन्ही निरोप एकाच क्षणी आले की जोरात पेटतात. आता एका कानात २०५ आणि दुसऱ्यात १९५ दिले, की एक निरोप दुसऱ्याच्या पुढे सरकत राहतो. सेकंदातून दहा वेळा ते जुळतात आणि दहा वेळा फारकत घेतात. गाठीला वाटते, आवाजाची जागा बदलते आहे. आपल्याला वाटते, सूर थरथरतो आहे. फरक अगदी कमी ठेवला, सेकंदाला एखादा, तर थरथरीऐवजी सूर डोक्यात या कानाकडून त्या कानाकडे हिंडताना जाणवतो. साधारण हजार हर्ट्झच्या वर हा खेळ बंद पडतो, कारण तिथे उशिराचा हिशोब या पेशींना झेपत नाही.

माझ्या बाबतीत काय झाले ते इथे उलगडले. दोन साक्षीदारांपैकी एक गेला होता. गाठीला ताडून पाहायला काही उरले नव्हते.

इथवरची गोष्ट ऐकू येण्याची. मेंदू ठेका धरतो, ही गोष्ट वेगळ्या माणसांपासून सुरू होते आणि तिच्या मुळाशी एक तार आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात हान्स बर्गर नावाचा तरुण सैनिकी शिक्षणात असताना घोड्यावरून पडला आणि तोफगाड्याखाली येता येता वाचला. त्याच संध्याकाळी घरून वडिलांची तार आली, बरा आहेस ना? दूर असलेल्या बहिणीला अचानक त्याच्याविषयी काळजी वाटली होती. मनाची ऊर्जा एका डोक्यातून दुसऱ्या डोक्यात जात असली पाहिजे, या ध्यासाने बर्गर मेंदूच्या अभ्यासाकडे वळला. येना शहरात त्याने १९२४ साली माणसाच्या डोक्यावरून विजेच्या लहरी पहिल्यांदा टिपल्या आणि पाच वर्षे थांबून १९२९ साली छापल्या. मनोसंदेश त्याला मिळाले नाहीत. मिळाली ती एक लय: माणूस डोळे मिटून निवांत बसला की सेकंदाला दहाच्या आसपास येणारी, डोळे उघडले की मोडणारी. तिला त्याने अल्फा हे पहिले अक्षर दिले. जवळपास कुणी विश्वास ठेवला नाही. १९३४ साली केंब्रिजच्या एड्रियन आणि मॅथ्यूज यांनी ती लय स्वतःच्या डोक्यांवर तपासून खरी ठरवली तेव्हा बर्गरचे नाव झाले. एड्रियनला तोवर नोबेल मिळालेले होते. १९४१ साली बर्गरने स्वतःचे जीवन संपवले.

एड्रियन आणि मॅथ्यूज यांच्या त्याच निबंधात आपल्या विषयाचे बी आहे. डोळ्यांसमोर दिवा ठराविक वेगाने उघडझाप करवला तर मेंदूची लहर त्या वेगाच्या मागे जाते, असे त्यांना दिसले. बाहेरच्या ठेक्याला मेंदूने साथ दिल्याचा हा पक्का पुरावा, पण तो प्रकाशाचा. पुढे ब्रिस्टलच्या ग्रे वॉल्टरने झगमगत्या दिव्यांवर पुष्कळ काम केले आणि १९५३ साली ‘द लिव्हिंग ब्रेन’ हे पुस्तक लिहिले. चित्रकार ब्रायन गायसिन आणि त्याचा मित्र इयन सोमरव्हिल यांनी तर ग्रामोफोनच्या तबकडीवर भोकांचा दंडगोल फिरवून आत दिवा लावला आणि मिटल्या डोळ्यांनी पाहायची कलाकृती केली. प्रकाशाची ही शाखा मी इथेच सोडतो. दिव्याने जे सहज साधते ते सुराने तितक्याच सहज साधते का, हे कुणी सिद्ध केलेले नव्हते, एवढे मात्र ध्यानात ठेवायला हवे.

दोन्ही धागे एकत्र आले ते १९७३ च्या ऑक्टोबरात. न्यूयॉर्कच्या माउंट सायनायमधील जेराल्ड ऑस्टरने ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात मेंदूतल्या विस्पंदांवर लेख लिहिला. डोव्हची विसरलेली गोष्ट त्याने झटकून वर काढली, ४४० च्या आसपासच्या सुरांवर ती सर्वांत स्पष्ट ऐकू येते असे नोंदवले आणि तिचा उपयोग सुचवला. तो उपयोग कोणता? निदानाचा. कंपवाताच्या काही रोग्यांना हे विस्पंद ऐकू येत नाहीत, असे त्याला आढळले होते. शांतता, झोप, एकाग्रता यांचा पुरवठा करण्याचे वचन ऑस्टरने दिलेले नाही. मी हा लेख शोधून वाचला तेव्हा मला सर्वांत जास्त हेच लागले. ज्याच्या नावाने अर्धा बाजार चालतो त्याने ती वस्तू विकायला काढलीच नव्हती.

विकायला काढली ती रॉबर्ट मन्रो याने. हा रेडिओच्या धंद्यातला माणूस, ध्वनिमुद्रणात मुरलेला. देहाबाहेर जाण्याच्या अनुभवांवर त्याने १९७१ साली पुस्तक लिहिले होते. १९७५ साली आवाजाने झोपेचे टप्पे घडवण्याच्या पद्धतीचे पेटंट त्याला मिळाले आणि व्हर्जिनियातल्या त्याच्या संस्थेतून ‘हेमी-सिंक’च्या कॅसेट जगभर गेल्या. अमेरिकी लष्कराच्या एका अधिकाऱ्याने १९८३ साली या पद्धतीवर अहवाल लिहिला. तो २००३ साली खुला झाला आणि त्यातले एक पान गहाळ होते, म्हणून आजही त्या पानाच्या दंतकथा फिरतात. कॅसेटचा एक तांत्रिक गुण मात्र सांगण्याजोगा आहे. टेप थोडी इकडेतिकडे पळते, सूर हलतो, पण दोन्ही बाजू एकाच फितीवर असल्याने दोन्ही सारख्याच हलतात आणि त्यांच्यातला फरक जवळजवळ शाबूत राहतो. तोवर दोन स्वतंत्र यंत्रांवर अर्ध्या हर्ट्झचा फरक तासभर टिकवणे हे प्रयोगशाळेचे काम होते. आता तो खिशात मावू लागला.

संगणकाने ते काम आणखी सोपे केले, आणि माझ्या मते खरी उलथापालथ इथे झाली. साउंड कार्डवर सेकंदाला ४४,१०० आकडे डाव्या बाजूला आणि तितकेच उजव्या बाजूला जातात, दोन्ही एकाच घड्याळावर. प्रोग्रॅमकडे सायन लहरीचा एक तक्ता असतो. दोन बोटे त्या तक्त्यावरून चालत आहेत अशी कल्पना करा. डाव्या कानाचे बोट जरा लांब ढांगा टाकते, उजव्याचे जरा आखूड. तक्ता संपला की पुन्हा सुरुवातीला. ढांगांतला फरक म्हणजेच विस्पंद. हा सगळा सिंथेसायझर इतकाच आहे. ना तार, ना भोपळा, ना बॅटरी बदलणे. फिनलंडहून ‘ब्रेन वेव्ह जनरेटर’ आला, त्यात खिडक्या आणि बटणे होती. नंतर ब्रेट लोगन याच्या ‘नॉरल’मध्ये पडद्यावरचे ठिपके माऊसने ओढून रात्रभराचा आलेख काढता येई. माझा एसबाजेन यांत सर्वांत रूक्ष. जिम पीटर्स या इंग्रज प्रोग्रॅमरने १९९९ पासून तो लिहिला आणि मुक्त परवान्याखाली ठेवला. चित्र नाही, बटण नाही. वेळ लिहायची, आकडे लिहायचे आणि एका टप्प्यावरून दुसऱ्या टप्प्यावर हळूहळू घसरायचे असेल तर मध्ये बाण काढायचा. कृतीच्या वहीत लिहावे तसे. ‘झोप’ ही माझी कृती होती आणि ती मी दोघा-तिघा रात्रपाळीवाल्यांना दिलीही होती.

आता या प्रोग्रॅमांत काय झाले ते पाहा. फरकाचा आकडा भरायची एक जागा असे आणि तिच्या शेजारी, किंवा मदतीच्या पानावर, एक तक्ता: चारपर्यंत डेल्टा म्हणजे गाढ झोप, आठपर्यंत थीटा म्हणजे गुंगी, तेरापर्यंत अल्फा म्हणजे शांतता, त्यापुढे बीटा म्हणजे सावधपणा. डोव्हचा आकडा आणि बर्गरची अक्षरे एका ओळीत बसली. डोव्हने सांगितले होते की फरक ऐकू येतो. बर्गरने सांगितले होते की निवांत माणसाच्या डोक्यावर दहाची लहर दिसते. दहाचा फरक ऐकवला तर दहाची लहर उठेल आणि दहाची लहर उठली तर माणूस निवांत होईल, या दोन्ही उड्या त्या छोट्याशा तक्त्याने परस्पर मारल्या. दुसरी उडी तर अजबच. पाऊस आला की छत्र्या उघडतात, म्हणून गावातल्या सगळ्या छत्र्या उघडल्या तर पाऊस येईल काय? छापील पुस्तकात हे वाक्य लिहावे लागले असते आणि कुणीतरी त्यावर बोट ठेवले असते. यंत्रात वाक्य नसते, आकडा भरायची चौकट असते. मी स्वतः पोटापाण्यासाठी लोकांच्या वाक्यांतल्या चुका काढत होतो आणि घरी येऊन त्या चौकटीत मुकाट्याने दहा भरत होतो.

मुक्त प्रोग्रॅमचा एक उपद्व्यापही नोंदवायला हवा. एसबाजेनच्याच ध्वनितंत्रावर ‘आय-डोसर’ नावाचा विक्रीचा प्रोग्रॅम उभा राहिला. त्याच्या ध्वनींना मादक द्रव्यांची नावे होती आणि प्रत्येक ‘डोस’ वेगळा विकत घ्यावा लागे. २०१० साली अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यात शाळकरी मुले हे ऐकतात म्हणून गहजब झाला आणि अमली पदार्थविरोधी खात्याने पालकांना इशारा दिला. आकडे झाकून ठेवले की गूढ तयार होते, हे या प्रकरणात फार स्वच्छ दिसते. एसबाजेनची फाइल उघडली तर कोणालाही कळते की हे दोन सूर आणि एक सरसर आहे. बंद बाटलीत तेच अफू होते.

मग मेंदू ठेका धरतो की नाही? इतकी वर्षे चुकवलेला अभ्यास मी उजवा कान गेल्यावर केला. २००५ साली, म्हणजे मी ‘झोप’ लिहिली त्याच वर्षी, इंग्लंडमध्ये शस्त्रक्रियेआधीच्या रुग्णांवर प्रयोग झाला. विस्पंद असलेले संगीत ऐकणाऱ्यांची चिंता २६.३ टक्क्यांनी उतरली, नुसते संगीत ऐकणाऱ्यांची ११.१ टक्क्यांनी आणि काहीच न ऐकणाऱ्यांची ३.८ टक्क्यांनी. हे आकडे हलके नाहीत. म्हणून सगळे थोतांड आहे असे म्हणून मोकळे होणाऱ्यांच्या पंगतीत मी बसत नाही. पण चिंता उतरणे वेगळे आणि मेंदूच्या लहरीने ठेका धरणे वेगळे. लहरी मोजून पाहणाऱ्या चौदा अभ्यासांचा एक आढावा २०२३ साली आला. पाच अभ्यासांना ठेका धरल्याचे दिसले, आठांना दिसले नाही, एकाचे उत्तर मिश्र. सुरांची उंची, ऐकण्याचा वेळ, मोजण्याची रीत, प्रत्येकाचे सगळे वेगळे. नादाच्या ठेक्याला मेंदूचा जोरदार प्रतिसाद मिळतो तो चाळीसच्या आसपास, हे १९८१ पासून माहीत आहे. म्हणजे झोपेच्या आकड्यांपासून बऱ्याच दूर.

माझ्यासाठी सर्वांत महत्त्वाचा निबंध २०२० सालचा, कॅनडातल्या माँट्रिऑलचा. त्या संशोधकांनी दोन प्रकारचे विस्पंद शेजारी ठेवले. एक डोव्हचे, दोन कानांच्या मधले. दुसरे तंबोऱ्याचे, म्हणजे आधीच मिसळून दोन्ही कानांत सारखे सोडलेले. दोन्हींनी मेंदूला ठेका धरायला लावला, पण साध्या, मिसळलेल्या विस्पंदांनी अधिक ठळकपणे. आणि मनःस्थिती? ती दोघांपैकी कुणीही हलवली नाही. ज्या गूढ ठेक्यासाठी हेडफोन लागतात, पेटंटे लागतात, तो घरच्या तंबोऱ्यापेक्षा दुबळा निघाला.

माझ्या झोपेचे काय, असे कुणी विचारील. कान गेल्यानंतर महिनाभर मी चिडून काहीच ऐकले नाही आणि पुन्हा रात्री जागवल्या. मग एका रात्री डाव्या कानात एकच बोंडी घालून ‘झोप’ लावली. ठेका नव्हता, ताठ सूर आणि पाऊस होता. वीस मिनिटांत झोपलो, पूर्वी झोपत असे तितक्याच वेळात. एका माणसावरचा, तोही स्वतःवरचा, प्रयोग म्हणजे संशोधन नव्हे हे मला कळते. पण बारा वर्षे मी श्रेय दहाच्या आकड्याला देत होतो आणि काम बहुधा ‘पिंक’ करत होता, किंवा दिवे मालवून, पाठ टेकून, आता काही करायचे नाही असे रोज एकाच वेळी ठरवणे. आजकाल मोबाइलवर अशा ध्वनींचा पूर आहे. कुणी त्यात बासरी घालतो, कुणी मंत्र, कुणी चक्रांची नावे. ओळखीचे लोक मला विचारतात, ऐकावे का? मी सांगतो, झोप लागत असेल तर ऐका, आवाज कमी ठेवा आणि पैसे देऊ नका. गाडी चालवताना ऐकू नका, हेही सांगतो.

गेल्या वर्षी भाचीने माझ्या फोनमध्ये एक सोय दाखवली. एका कानाच्या माणसांसाठी दोन्ही बाजू मिसळून एकाच बोंडीत सोडण्याची. फोन तिने सहज गाणी नीट ऐकू यावीत म्हणून घेतला होता. ती गेल्यावर मी जुन्या संगणकातली ‘झोप’ ध्वनीच्या रूपात फोनवर घेतली, सोय चालू केली आणि डाव्या कानात बोंडी घातली. थरथर परत आली. पूर्वीपेक्षा जाड, धसमुसळी, सेकंदाला दहा. आता तिच्यात मेंदूच्या देठातल्या गाठीचे काही कर्तृत्व नव्हते, २०५ आणि १९५ फोनमध्येच मिसळत होते. मग संगणकाशी बसून दहाच्या जागी तीन घातले, ते ऐकले. तीनाच्या जागी एक, एकाच्या जागी अर्धा. सूर दोन-दोन सेकंदांनी फुगू-ओसरू लागला, अगदी मण्याला शेवटचे बोट लागावे तसा. शेवटी शून्य घातले. विचारणारे कुणी नव्हते, तरी मी ‘थांबलं’ म्हणालो.